गाडी उभी असते तेव्हाचे तास

ट्रकचा वेग आणि जीपीएस यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'एसीत बसून लिहिणाऱ्यांना ट्रकमधलं काय कळतंय? जीपीएस लावून ड्रायव्हरवर पाळत ठेवण्यापेक्षा आधी रस्ते नीट करा,' असं तुम्ही म्हणता. वडिलांनी तीस वर्षं गाडी चालवली, हेही सांगितलंत. रस्त्यांबद्दल वाद घालणार नाही. नाशिकच्या द्वारका चौकातून रोज जातो.

एक चूक कबूल. लेखात मी सगळा भर वेगावर दिला. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किमीचा स्पीड गव्हर्नर (वेग त्यापुढे जाऊ न देणारं यंत्र) २०१५ च्या नियमाने आला, पण भरलेली गाडी कसारा घाट उतरत असताना त्या ८० चा उपयोग काय? 'ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं' हे वडिलांना कुठल्या यंत्राने शिकवलं नसणार.

कामाच्या तासांचं मात्र वेगळं आहे. लासलगाव-पिंपळगावकडे कांदा भरायला गाडी सकाळीच खळ्यावर, म्हणजे कांदा निवडून भरतात त्या जागी, लागते. निवडणं, गोण्या भरणं, काटा, बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) यातच संध्याकाळ होते. ड्रायव्हर तेवढा वेळ 'बसून' होता, मालकाच्या हिशोबात ते काम नाहीच. मग रात्री गाडी सुटते आणि पहाटे वाशीच्या बाजारात लावायची. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. लागू कुणाला? पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना. एक-दोन गाड्यांचे मालक आपल्याकडे किती, हे तुम्हीच सांगा. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी चालवल्याचे तास टिपणाऱ्या यंत्रावर, तशी नोंद राहते.

८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डुलकी लागली तर जवळपास ९० मीटर ती कुणीच चालवत नसतं.

म्हणून जीपीएस नकोच, हे मला पटत नाही. गाडी खळ्यावर किती तास उभी होती, याचा ड्रायव्हरच्या बाजूने तोच एक साक्षीदार. फक्त नोंद त्याच्याही मोबाइलवर यायला हवी, आणि पोचायची वेळ कुणी मागितली ते बिल्टीवर लिहायला हवं. आज ती नोंद मालकाच्याच फोनवर दिसते आणि जरा थांबलं की 'कुठे अडकलास?' सुरू होतं. तिथे तुमचा 'पाळत' शब्द खोटा म्हणवत नाही.

वडिलांना एक विचाराल? खळ्यावर गाडी लागलेली असताना ते झोपायचे कुठे, केबिनमध्ये की गाडीखाली?