जर्सी धुवायच्या आधी टीम गायब

आमच्या गावाची इनडोअर फुटबॉल टीम मालकांनी पुन्हा गुंडाळली. फेसबुकवर चार ओळी टाकल्या: अपरिहार्य कारणांमुळे उरलेले सामने होणार नाहीत, आपल्या प्रेमाबद्दल आभार. सीझन पासच्या पैशांबद्दल अवाक्षर नाही. प्रेमाचे आभार कसले मानताय, पैसे टाका परत!

न्यूयॉर्क-शिकागोवाल्या आपल्या मंडळींना हे दुखणं कळायचं नाही. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या आमच्यासारख्या गावांत पैसे मोजून बघण्याजोगा खेळ म्हणजे हाच, अमेरिकन फुटबॉलचा छताखालचा छोटा अवतार. आइस हॉकीच्या रिंकवर खोटं गवत अंथरायचं, 50 यार्डांचं मैदान, प्रत्येकी आठ गडी, आणि कडेच्या गादीवाल्या भिंतीवर गावातल्या दातांच्या डॉक्टरची नि ट्रॅक्टरवाल्याची जाहिरात. पहिल्या रांगेत बसलात तर सव्वाशे किलोचा गडी भिंतीवरून थेट तुमच्या नाचोजमध्ये. पोरं वेडी होतात हो! खेळाबद्दल काडीची तक्रार नाही. नामांकित फुटबॉलपटू कर्ट वॉर्नर आधी आयोवातल्या सीडर फॉल्सच्या किराणा दुकानात माल लावायचा, मग डे मॉइनच्या टीमकडून हेच खेळला आणि 2000 साली सुपर बोलचा, म्हणजे मोठ्या फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याचा, हिरो झाला.

राग आहे तो मालकांचा. खिशात दमडी नाही आणि हे टीम काढणार! टीव्हीचे पैसे शून्य. अरीनाचं, म्हणजे बंदिस्त स्टेडियमचं भाडं, बस, हॉटेलं, विमा, खेळाडूंचे पगार, सगळं तिकिटांवर आणि त्या डॉक्टरच्या जाहिरातीवर. त्यात निम्मे सामने परगावी, म्हणजे तेव्हा खर्च चालू, गल्ला बंद. मग आमच्या पासचे आगाऊ पैसे पहिल्या काही आठवड्यांतच उडतात, पुढे गर्दी रोडावली की साहेब फोन उचलत नाहीत. लांबून आलेली पोरं मोटेलवर अडकतात, त्यांना विचारतो कोण?

मोंटानातल्या बिलिंग्जच्या टीमचं समजू शकतो. 2010 च्या जूनमध्ये टोर्नेडोनं अरीनाचं छप्परच उडवलं. त्या वर्षी विजेतेपद मिळवूनही टीम बंद पडली. निसर्गापुढे कोणाचं काय चालणार? पण 2024 मध्ये कुठला टोर्नेडो आला होता? 1987 पासूनची अरीना फुटबॉल लीग 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली, नंतर उठली, 2019 मध्ये परत बसली. 2024 साठी तेच नाव उकरून 16 टीम जाहीर केल्या. एप्रिलअखेर सुरुवात, आणि महिनाभरात टीम पटापट गळायला लागल्या. मालकांनीच लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, ली हटन यांना काढलं, त्यांच्या जागी जेफ फिशरना आणून बसवलं. शेवटी जिंकली ती पुन्हा बिलिंग्जचीच नवी टीम, पण तोवर किती गावांचा हंगाम वाऱ्यावर गेला होता!

माझं म्हणणं एवढंच की एकही तिकीट विकायच्या आधी सगळ्या हंगामाचं भाडं आणि पगार बँकेत अनामत ठेवा. नाही जमत? मग टीम काढू नका, गल्लीत क्रिकेट खेळा. पण लीगवाल्यांना टीमचा आकडा फुगवून दाखवायचा असतो, म्हणून येईल त्याला घेतात. गाव लहान आहे, लोक मुकाट पैसे देतात, असाच हिशेब असणार.

घरात आमच्या टीमच्या ढाण्या वाघाची केशरी जर्सी पडली आहे, लेबलसकट. परवा मेल आला: पुढच्या वर्षी नवी लीग, नवी टीम, लवकर पास घेणाऱ्यांना सवलत. मालकाचं नाव वेगळं आहे. खाली सही मात्र त्याच मॅनेजरची!