रोटुमाची एक जागा

लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर घरच्या मंडळींचा वाद फोनवर रंगतो, तेव्हा राज्यांचे १९७६ साली गोठवलेले जागावाटप लोकसंख्येनुसार बदलावे की नाही, या प्रश्नापाशी मला फिजीच्या राजधानीत, सुवात बसून दरवेळी रोटुमा बेट आठवते.

फिजीच्या मुख्य बेटांच्या उत्तरेला, शेकडो किलोमीटर दूर असलेले हे सात परगण्यांचे बेट १८८१ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात गेले आणि फिजीला जोडले गेले. भाषा आणि रीतिरिवाज मात्र त्याचे स्वतःचेच राहिले. १९७० च्या घटनेत कनिष्ठ सभागृहात रोटुमन लोकांना स्वतंत्र जागा नव्हती. १९९० च्या घटनेने ७० पैकी एक जागा दिली आणि १९९७ च्या घटनेने ७१ पैकी एक ठेवली. १९९९ आणि २००१ मध्ये मारिएटा रिगामोटो, तर २००६ मध्ये निवृत्त सेनाधिकारी जिओजी कोनरोटे तिथून निवडून आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लष्कराने सत्ता घेतली, आणि २०१३ च्या घटनेने सारा देश ५० जागांचा एकच मतदारसंघ केला.

या बदलाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. वंशवार मतदारयाद्यांनी इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना कित्येक वर्षे वेगळे पाडले होते, आणि समान मताचे मोल त्यांच्याकडूनच मला कळले. शिवाय रोटुमाची जागा खरे तर बेटाची नव्हतीच. रोटुमन मतदार फिजीत कुठेही राहत असला तरी त्याच जागेसाठी मत देई, आणि रोटुमन लोकांपैकी बहुतेक जण बेटाबाहेर राहतात. त्यामुळे दोन दिवसांच्या बोटप्रवासानंतर जिथे पोहोचता येते, तिथल्या धक्क्याचे आणि दवाखान्याचे प्रश्न सुवातल्या रोटुमन मतदारांच्या प्रश्नांमागे पडणे स्वाभाविकच होते.

कोनरोटे २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, मग जागा गेली तर बिघडले काय, असे काही जण विचारतात. एका माणसाच्या पदाने बेटाला प्रतिनिधी मिळत नाही. देशभराच्या एकाच मतदारसंघात दोन हजारांहूनही कमी वस्तीच्या बेटाची मते कोणत्याही पक्षासाठी निर्णायक ठरत नाहीत.

आपल्याकडे लक्षद्वीपची जागा वंशाला नव्हे, तर भूभागाला बांधलेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. १९६७ पासून सलग दहा वेळा जिंकलेले पी. एम. सईद २००४ मध्ये तिथे अवघ्या ७१ मतांनी हरले. इतक्या छोट्या मतदारसंघात एकेका वस्तीचे म्हणणे उमेदवाराला ऐकावेच लागते. महाराष्ट्राच्या ४८ जागांचे काय होईल, यावर जरूर वाद व्हावा, पण सर्वत्र समान मतदारसंख्येचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षद्वीपला त्या हिशेबातून स्पष्टपणे बाहेर ठेवावे, अशी माझी मागणी आहे.