डिस्ने ‘बुडाली’ म्हणणारा संदेश आणि कंपनीचे हिशेब

गेल्या काही आठवड्यांपासून मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये ‘डिस्ने बुडाली’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: वॉल्ट डिस्ने कंपनीवर जवळपास चार लाख कोटी रुपयांचे कर्ज आहे आणि तिजोरीत जेमतेम पन्नास हजार कोटी उरले आहेत, त्यामुळे तिचे दिवाळे निघणे ही केवळ औपचारिकता आहे, कंपनी तोट्यात आहे, तिची उद्याने ओस पडली आहेत, कडकी लागल्यामुळेच भारतातला ‘स्टार’चा व्यवसाय तिला रिलायन्सला विकावा लागला, दीर्घकाळ मुख्याधिकारी राहिलेल्या बॉब आयगर यांनी कंपनी लुटली आणि मधल्या काळात त्या पदावर आलेल्या बॉब चॅपेक या कर्तबगार माणसाचा बळी दिला, फ्लोरिडा सरकारने तिची जमीन काढून घेतली, आणि आता ॲपल तिला कवडीमोलाने विकत घेणार आहे. शेवटी सल्ला आहे की शेअर असतील तर आजच विका आणि सहल ठरवली असेल तर आजच रद्द करा.

असे संदेश एरवी मी वाचून सोडून देतो. हा सोडला नाही, कारण ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीने त्यातला शेवटचा सल्ला मानून मुलांची ऑर्लँडोच्या डिस्ने उद्यानांची सहल रद्द केली आणि आगाऊ भरलेल्या रकमेचा मोठा भाग गमावला. तिला तो संदेश पाठवणारे आमचे थोरले काका निवृत्त बँक अधिकारी आहेत. ज्यांची उभी हयात इतरांचे ताळेबंद तपासण्यात गेली, त्यांनी या कंपनीचा ताळेबंद न उघडताच तिच्या दिवाळखोरीची ग्वाही द्यावी, याचे आश्चर्य कमी आणि वैताग जास्त वाटतो. डिस्नेचे वार्षिक अहवाल अमेरिकेच्या रोखे नियामकाकडे दाखल होतात आणि कोणालाही फुकट वाचता येतात. कंपनीचे आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपते आणि पुढे आलेले कंपनीचे वार्षिक आकडे त्याच अहवालांतले आहेत.

सर्वांत घातक मुद्दा दिवाळखोरीचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. सप्टेंबर २०२४ अखेर डिस्नेवर सुमारे ४५.८ अब्ज डॉलरचे कर्ज होते आणि हाताशी सुमारे ६ अब्ज डॉलरची रोकड होती. डॉलरचा त्या वेळचा भाव धरून गुणाकार केला, तर संदेशातले दोन्ही आकडे जवळपास जुळतात. म्हणजे आकडे खोटे नाहीत, त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. ज्याच्या बचत खात्यात दोन लाख रुपये आहेत आणि डोक्यावर साठ लाखांचे गृहकर्ज आहे, अशा पगारदार माणसाला आपण दिवाळखोर म्हणत नाही. त्याचा पगार किती आणि हप्ता किती, हे विचारतो. डिस्नेच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न संदेशात कुठेही नाही. त्याचे उत्तर असे की २०२५ च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या नेहमीच्या कामकाजातून सुमारे १८.१ अब्ज डॉलरची रोकड आली, उद्याने, पर्यटकांची जहाजे आणि इतर बांधकामांवरचा भांडवली खर्च वजा केल्यावर त्यातले सुमारे १० अब्ज उरले आणि व्याजापोटीचा निव्वळ बोजा दीड अब्जाच्याही आत राहिला. कर्ज वाढते आहे म्हणावे, तर तेही नाही. महामारीच्या काळात, २०२० मध्ये, ते ५८ अब्जांच्या वर गेले होते आणि सप्टेंबर २०२५ अखेर ४२ अब्जांवर आले. २०२० मध्ये थांबवलेला लाभांश जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. देणेकऱ्यांच्या भीतीने दार लावून बसलेली कंपनी भागधारकांना लाभांश वाटत नाही.

‘कंपनी तोट्यात आहे’ या वाक्याचा उगम शोधायला फार कष्ट पडत नाहीत. जानेवारी ते मार्च २०२४ या एका तिमाहीत डिस्नेने २ कोटी डॉलरचा निव्वळ तोटा दाखवला आणि त्या निकालाच्या दिवशी, ७ मे रोजी, शेअर नऊ टक्क्यांहून अधिक घसरला. मथळे तेवढेच आले. मात्र त्याच निकालात, काही ओळी खाली, दोन अब्ज डॉलरहून अधिक गुडविल कमी करून दाखवल्याचे लिहिले आहे आणि ते भारतातील स्टार तसेच पारंपरिक दूरचित्रवाणी वाहिन्यांशी निगडित आहे. पूर्वी जास्त भावाने घेतलेल्या मालमत्तेची किंमत आज कमी झाली, हे वहीत मान्य करण्याची ही नोंद असते. त्या तिमाहीत गल्ल्यातून तेवढे पैसे बाहेर गेले, असा तिचा अर्थ होत नाही. त्या संपूर्ण वर्षाचा निव्वळ नफा जवळपास ५ अब्ज डॉलर होता आणि पुढच्या वर्षाचा १२.४ अब्ज. हा दुसरा आकडाही मी जसाच्या तसा मिरवणार नाही, कारण हुलू ही ऑनलाइन चित्रवाणी सेवा पूर्णपणे ताब्यात आल्यानंतर मिळालेला सुमारे ३.३ अब्जांचा एकवेळचा करलाभ त्यात धरलेला आहे. तो वगळला तरी ‘तोटा’ हा शब्द कुठेही बसत नाही.

आता भारताचा मुद्दा. ‘कडकीपोटी विक्री’ ही कल्पना आपल्याकडे चटकन पटते, कारण स्टार प्रवाहवरची मालिका लावताना कोपऱ्यातले नाव हॉटस्टारवरून जिओहॉटस्टारवर गेलेले प्रत्येकाने पाहिले आहे. घडले ते असे. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने रूपर्ट मर्डॉक यांच्याकडून फॉक्स या माध्यमसमूहाचा मोठा भाग ७१.३ अब्ज डॉलरला घेतला आणि स्टार इंडिया त्या गाठोड्यातूनच डिस्नेकडे आली. जून २०२२ च्या लिलावात डिस्नेने आयपीएलच्या दूरचित्रवाणी हक्कांसाठी २३,५७५ कोटी रुपये मोजले, पण मोबाइलवरचे हक्क रिलायन्सच्या व्हायकॉम१८ कडे गेले. त्यानंतर वर्षभरात हॉटस्टारचे वर्गणीदार ६ कोटी १३ लाखांवरून ३ कोटी ७६ लाखांवर आले. क्रिकेट गेले की प्रेक्षक जातो, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही गटांचे व्यवसाय एकत्र करून जी संयुक्त कंपनी झाली, तिचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरले गेले आणि तिच्यात डिस्नेचा ३६.८४ टक्के हिस्सा आजही आहे. महत्त्वाचे म्हणजे रिलायन्सने घातलेले ११,५०० कोटी रुपये या संयुक्त कंपनीच्या वाढीसाठी, तिच्याच तिजोरीत गेले. कर्जफेडीसाठी घर विकायला काढलेला माणूस विक्रीचे पैसे घरातच ठेवून येत नाही. डिस्नेने भारतात पैसा घालवला, हुकूम चालवण्याचा अधिकार सोडला आणि फॉक्सच्या व्यवहारात स्टारसाठी वाजवीपेक्षा जास्त मोजले, एवढे मी खुशाल मान्य करतो. त्यापलीकडची कहाणी रचलेली आहे.

‘उद्याने ओस पडली’ या मुद्द्यासोबत एक छायाचित्र आहे. त्यात ऑर्लँडोजवळच्या मॅजिक किंगडम या उद्यानातला मेन स्ट्रीट हा रस्ता दिसतो, दुकानांचे दिवे लागलेले आहेत, आभाळ अजून पुरते उजळलेले नाही आणि किल्ल्याच्या अलीकडे दोरी धरून उभे असलेले कर्मचारी दिसतात. डिस्नेच्या चाहत्यांना ही दोरी चांगली ठाऊक आहे. उद्यान उघडण्यापूर्वी लोकांना तिथपर्यंतच येऊ देतात आणि ठरल्या वेळी ती सोडतात, त्यामुळे दोरीपलीकडचा रस्ता रोज सकाळी रिकामाच असतो. या उद्योगाच्या वार्षिक अंदाजानुसार २०२३ मध्ये एकट्या मॅजिक किंगडममध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख लोक आले, म्हणजे सरासरीने दिवसाला अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक. उद्याने, जहाजे आणि खेळणी-वस्तूंच्या विभागाचा २०२५ मधला परिचालन नफा सुमारे १० अब्ज डॉलर होता आणि तो सर्व विभागांच्या एकत्रित नफ्याच्या निम्म्याहून अधिक भरतो. गंमत अशी की त्याच संदेशात दोन मुद्द्यांनंतर ‘उद्याने बाकीच्या कंपनीला पोसत आहेत’ अशी तक्रार आहे. ओस पडलेले उद्यान कोणाला पोसते, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते. डिस्ने प्लस वगैरे ऑनलाइन सेवेचा तोटा उद्यानांच्या पैशातून भरला जात होता, हे २०२२ पर्यंत खरेच होते. त्या वर्षी तो सुमारे ४ अब्ज डॉलर होता. २०२५ मध्ये त्याच सेवेने १.३ अब्जांचा नफा दाखवला.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करावी लागते, ती भावांची. १९९९ पासून फुकट मिळणारा फास्टपास २०२१ मध्ये गेला आणि रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची पद्धत आली. नाताळच्या दिवसांत मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या घरात पोहोचले आहे. ‘स्टार वॉर्स’वर आधारलेल्या हॉटेलात दोन रात्रींसाठी दोघांना ४,८०० डॉलरच्या आसपास आकारले गेले आणि ते हॉटेल मार्च २०२२ मध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बंद झाले. मध्यमवर्गीय कुटुंबाला ही उद्याने परवडेनाशी होत आहेत, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे आणि माझ्या बहिणीने महाग आहे म्हणून सहल रद्द केली असती, तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण भाव वाढवूनही ज्याच्या दारात रांग आहे, त्याला दिवाळखोर म्हणता येत नाही.

नेतृत्वाच्या मुद्द्यावर चाहत्यांच्या दोन फळ्या आहेत आणि संदेश त्यांतल्या एकीची भाषा बोलतो. चॅपेक फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्याधिकारी झाले आणि काही आठवड्यांतच उद्यानांना कुलपे लागली, हे त्यांचे दुर्दैव होते. त्यांच्यावर सगळे खापर फोडणे अन्यायाचे आहे, कारण फॉक्सच्या खरेदीचा बोजा आणि डिस्ने प्लसची घाई त्यांना आयगर यांच्याकडून वारशाने मिळाली होती आणि आयगर २०२१ अखेरपर्यंत कार्यकारी अध्यक्ष म्हणून त्यांच्या डोक्यावर बसून होते. पण त्यांना कर्तबगार ठरवणाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ ची तारीखवारी पाहावी. ८ तारखेला जाहीर झालेल्या निकालात ऑनलाइन सेवेचा एका तिमाहीचा तोटा जवळपास १.५ अब्ज डॉलर निघाला, दुसऱ्या दिवशी शेअर तेरा टक्के कोसळला आणि २० तारखेला संचालक मंडळाने आयगर यांना परत बोलावले. याच मंडळाने पाच महिन्यांपूर्वी चॅपेक यांचा करार तीन वर्षांनी वाढवला होता, तेव्हा शरम वाटायचीच असेल तर ती मंडळाला वाटायला हवी.

‘लुटले’ या शब्दाला पुरावा म्हणून आयगर यांचे २०२४ चे ४.११ कोटी डॉलरचे मानधन दिले आहे. ते मलाही अवाच्या सवा वाटते. तरीही ते भागधारकांसमोर छापून ठेवलेले मानधन आहे, चोरी नव्हे. आयगर यांच्या कारभाराला सर्वांत गंभीर आव्हान दिले ते गुंतवणूकदार नेल्सन पेल्ट्झ यांनी. शेअरचा भाव, वारसदाराचा घोळ, खर्चाचा पसारा, असे संदेशात अर्धवट आलेले सगळे मुद्दे त्यांनी नीट मांडले आणि एप्रिल २०२४ च्या भागधारकांच्या सभेत संचालकपदाच्या निवडणुकीत ते हरले. आयगर यांना सुमारे ९४ टक्के मते पडली. मार्च २०२१ मध्ये दोनशे डॉलरपर्यंत गेलेला शेअर २०२३ च्या शरद ऋतूत ऐंशीच्या आसपास आला होता आणि पुन्हा त्या उंचीवर गेलेला नाही, ही पेल्ट्झ यांची तक्रार खरी होती. आयगर यांची खरी चूक मला वेगळीच वाटते: वारसदार मानले जाणारे टॉम स्टॅग्ज २०१६ मध्ये बाहेर पडले, निवृत्ती पुन्हापुन्हा लांबली आणि पंधरा वर्षांत त्यांना टिकणारा वारसदार घडवता आला नाही. मॉर्गन स्टॅन्ली या बँकेचे माजी प्रमुख जेम्स गॉरमन यांना मंडळाचे अध्यक्ष करून वारसदाराचे नाव २०२६ च्या सुरुवातीला जाहीर करण्याचे वेळापत्रक बाहेरून आखून घ्यावे लागले, ते याचमुळे. संदेशात या चुकीबद्दल चकार शब्द नाही.

फ्लोरिडातली जमीन डिस्नेचीच होती आणि डिस्नेचीच आहे. २०२३ मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी त्या परिसराच्या विशेष प्रशासकीय जिल्ह्याचे मंडळ आपल्या हातात घेतले आणि मार्च २०२४ मध्ये त्या वादात तडजोड झाली. सातबाऱ्यावरचे नाव बदलणे आणि पंचायत बरखास्त होणे, यांतला फरक आपल्या वाचकांना सांगायला नको.

राहिली ॲपल. ही अफवा जुनी आहे आणि तिला थोडासा आधारही आहे. २००६ मध्ये पिक्सार हा ॲनिमेशन स्टुडिओ डिस्नेला विकल्यावर ॲपलचे स्टीव्ह जॉब्स डिस्नेचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक झाले होते आणि आयगर २०११ ते २०१९ या काळात ॲपलच्या संचालक मंडळावर होते. मात्र अशी कोणतीही बोली समोर आलेली नाही. २०२५ मध्ये बाजाराने डिस्नेची किंमत दोनशे अब्ज डॉलरच्या आसपास लावली होती. ती कवडीमोल असेल, तर ती कवडी कुठल्या बाजारात मिळते तेवढे काकांनी गटावर टाकावे.