आईचा कान
तुमच्या सॅम्पलिंगवरच्या लेखात म्हटलंय की सॅम्पल, म्हणजे नव्या गाण्यात वापरलेला जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा, कुठून उचललाय ते आता अ‍ॅपच सांगतं, कानाची गरज उरली नाही. नाही पटलं. आमच्या वर्तकनगरच्या घरी ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ लागलं तेव्हा आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अरे, ही तर ‘एक दूजे के लिए’तली व्हायोलिनं!" बरोबर! १९८१चं ‘तेरे मेरे बीच में’, लक्ष्मीकांत-प्यारेलाल. जंगल आणि ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकारांवाले तर द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ गाण्यामधला (१९६९) ६-७ सेकंदांचा ड्रम असा बारीक चिरून, वेग वाढवून वाजवतात की मूळ तुकडा कानात बसलेला असावाच लागतो. तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याची रॉयल्टी कधीच मिळाली नाही. लेखात त्याचं साधं नावही नाही, तेवढं घाला.