आता उघडलंच आहे तर…

पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी सेडान एखाद्या डॉक्टरांची असते. ते डॉक्टर ती फक्त रविवारी बाहेर काढतात, तीही देवदर्शनाला, आणि साठच्या वर कधी नेत नाहीत. शहरातले इतके डॉक्टर आठवडाभर दवाखान्यात कशाने जातात, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. २०१० ची पेट्रोल गाडी, पंधराशे सीसीच्या जेमतेम आतलं इंजिन, ऐसपैस सीट, आणि डिक्की एवढी की तिच्यात दोन पाहुणे मुक्कामाला राहावेत. नव्या छोट्या गाडीच्या निम्म्या पैशांत हे सगळं आलं. उरलेले निम्मे गॅरेजमध्ये हप्त्याहप्त्याने भरायचे असतात, ते एजंट सांगत नाही.

आमच्या मेस्त्रींना मी लबाड म्हणणार नाही. लबाड माणसाशी भांडता तरी येतं. हे गृहस्थ बरोबर बोलतात, तीच पंचाईत आहे. क्लच घसरायला लागला म्हणून गाडी नेली. क्लच प्लेट बदलायची तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरी खरी त्या उतरवण्याचीच असते. गिअरबॉक्स खाली आल्यावर मेस्त्रींनी मला बोलावून घेतलं. "साहेब, आता उघडलंच आहे तर प्रेशर प्लेट आणि बेअरिंगपण टाकून घेऊ. चार महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं तर हीच मजुरी परत द्याल." मी हो म्हटलं. मग त्यांनी इंजिनच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "ऑइल सील पाझरतंय." इंजिनखाली कुठेही बोट फिरवलं तर ते काळंच होणार असं मला वाटतं, पण गिअरबॉक्स जमिनीवर पडलेला असताना मालकाच्या वाटण्याला किंमत नसते. सीलही बदललं. ते बदलताना इंजिनला धरून ठेवणारं रबरी माउंटिंग फाटलेलं दिसलं. दिसलं ते दिसलंच.

या हिशेबात कुठे खोट काढता येत नाही, हे मी रात्री झोपेतसुद्धा तपासून पाहिलं आहे. प्रत्येक पायरी शहाणपणाची, आणि शेवटी जे बिल येतं ते बघून बायको विचारते, "तू फक्त क्लचला गेला होतास ना?"

एसीची गोष्ट याहून वाईट. दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, पावसाळ्यापर्यंत तो कुठेतरी निघून जायचा. अखेर निदान झालं, कूलिंग कॉइल लीक. ही कॉइल आमच्या गाडीत डॅशबोर्डच्या पोटात आहे, म्हणजे अख्खा डॅशबोर्ड काढल्याशिवाय तिचं दर्शन नाही. डॅशबोर्ड काढलेली आपली गाडी माणसाने बघू नये. स्टिअरिंग अधांतरी, वायरींचे झुबके लोंबतायत, आणि त्यात आधीच्या मालकाची हरवलेली दोन पेनं आणि पेढ्याचा कागद. देवदर्शनाचं तेवढं खरं निघालं म्हणायचं. "आता उघडलंच आहे तर ब्लोअरची मोटर…" असं मेस्त्री म्हणाले तेव्हा मी वाक्य पूर्ण होण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. डॅशबोर्ड परत बसवल्यावर तीन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचेच देते, असं समजलं. तेव्हापासून डाव्या बाजूला आतून कट्कट् आवाज येतो. तो कसला आहे ते बघायला डॅशबोर्ड काढावा लागेल.

सेडानचा खरा शत्रू मात्र इंजिनात नसून रस्त्यावर असतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि पाठीला गोलसर असावा असं आहे. आमच्या भागातल्या गतिरोधकांना हे कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. रिकामी असताना गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १६ सेंटिमीटर वर असतं. माणसं बसली, स्प्रिंगा म्हाताऱ्या झालेल्या असल्या, की ते किती उरतं हे गतिरोधकच आवाज करून सांगतो. म्हणून मी गाडी तिरकी काढतो, एकेक चाक चढवत, मागचे हॉर्न ऐकत. फारच उंचवटा असला तर मागच्या सीटवरच्यांना उतरवावं लागतं. खरं तर एकट्या मोठ्या मेहुण्यांना उतरवलं तरी भागतं, पण ते सांगणार कोण? म्हणून सगळेच उतरतात आणि गतिरोधकापलीकडे रांगेत उभे राहतात. खालून सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश वाजत असतात ते वेगळंच. शॉकर एका बाजूचा गेला तरी जोडीनेच बदलायचा. आमच्या गॅरेजमध्ये एकटं असं काहीच मरत नाही.

विम्याचं गणित तर मला फारच आवडतं. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, म्हणून चोरी झाली तर मिळणारी रक्कम आटत जाते. पण मी दुसऱ्याला ठोकलं तर, त्यासाठीचा थर्ड पार्टीचा हप्ता वयाकडे बघत नाही. एक हजार ते पंधराशे सीसीला २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी, गाडी चार वर्षांची असो नाहीतर माझी. म्हणजे सरकारच्या लेखी माझी गाडी कुचकामी झालेली असली, तरी ठोकण्याची तिची ताकद तरुणच आहे. त्यातून पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं. पण ही गाडी अंशतः उसावर चालते, असं कोल्हापूरच्या मामांना सांगितल्यावर त्यांच्या मनात तिच्याविषयी प्रथमच आदर उत्पन्न झाला.

पंधरा वर्षं भरली की आरसीची मुदत संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी करायची तर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. तिची फी २०२२ पर्यंत ६०० रुपये होती, तेव्हापासून ५,००० झाली. वर पर्यावरण कर. शिवाय २०१९ च्या एप्रिलपूर्वीची गाडी म्हणून नवी सुरक्षा नंबर प्लेट. तपासणीच्या आदल्या दिवशी पिवळे पडलेले हेडलाइट घासून घेतले, डोक्याला टेकणारं छताचं कापड चिकटवलं. बायको म्हणाली, "विकून का टाकत नाहीस?"

विकायचं मी नेहमीच ठरवतो. पण नुकताच क्लच टाकलेला असतो. तो जरा वापरून घ्यावा म्हणेपर्यंत एसी होतो, आणि एसी झाल्यावर ऐन उन्हाळ्यात गार गाडी कोण विकेल? जुनी गाडी विकायची योग्य वेळ म्हणजे मोठा खर्च निघण्याचा आदला दिवस, आणि तो दिवस कॅलेंडरवर छापत नाहीत.

तरी नोंदणी झाल्यावर एक गिऱ्हाईक आलं, सोबत त्यांचे स्वतःचे मेस्त्री घेऊन. मी अभिमानाने सगळ्या बिलांची जाडजूड फाइल काढून दिली. तिच्यात माझी निगा दिसेल, अशी माझी समजूत. गिऱ्हाइकाने ती चाळली आणि फाइल त्यांच्या मेस्त्रींकडे सरकवत म्हणाले, "बापरे, एवढं काम निघालंय?"

"निघालेलं नाही, केलंय," मी म्हणालो.

"तेच ते."

मेस्त्रींनी फाइल उघडलीच नाही. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर येतो का पाहिलं. स्टेपनीवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, आणि "गाडीबरोबरच जन्मलीय" एवढंच म्हणाले. मग वाकून खाली पाहिलं आणि मलाच बाजूला घेतलं. "वॉटर पंप पाझरतोय, साहेब. आम्ही घेऊ न घेऊ, तुम्ही बघून घ्या." गिऱ्हाइकाने जो भाव सांगितला तो एसी आणि क्लच मिळूनच्या खर्चाच्या आसपास होता. त्यांना चहा पाजून मी रवाना केलं.

संध्याकाळी आमच्या मेस्त्रींना फोन लावला. वॉटर पंप म्हटल्यावर ते पलीकडे थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंप काढायचा म्हणजे बेल्ट उतरवावा लागेल. उद्या जरा लवकर आणा."