ठिणगीचा मुहूर्त

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची. तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीबहिणी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. ही मात्र आमच्या पार्किंगमध्ये खोकत उभी. "टायमिंग गेलंय, रविवारी येतो," मिस्त्री फोनवर म्हणाले. कुठल्या रविवारी, ते म्हणाले नाहीत. शेवटी मीच पाने काढले.

टायमिंगचं, म्हणजे ठिणगीच्या वेळेचं, तत्त्व सोपं आहे. पेट्रोल जळायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पडायला हवी. पाहुणे जिना चढू लागले की आपण चहाचं आधण ठेवतो, तसं. फार आधी पडली तर इंजिन नॉक करतं, म्हणजे टकटकतं, उशिरा पडली तर तापतं आणि चढावर मान टाकतं. मिनिटाला 3000 फेऱ्या म्हणजे चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला 100 ठिणग्या, आणि एकूण एक वेळेवर! आणि हे जमवणार कोण, तर ज्याच्या हातून आजवर एकाही लग्नात अक्षता वेळेवर पडल्या नाहीत, तो मी.

पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचची, गॅप फीलर गेजच्या पातळ पट्टीनं लावली, जेमतेम अर्धा मिलिमीटर. मग प्लग काढले, चौथा गिअर टाकला आणि शेजारच्या काकांना गाडी ढकलायला लावलं. इंजिन हातानं फिरवायचा हा आमचा घरगुती मार्ग. पिस्टन कुठे आहे ते दाखवणाऱ्या पुलीवरच्या खुणेत मी डोळे घालून बसलेला. "काका, दोन बोटं पुढे... अहो, दोन बोटं म्हटलं, फाटकापर्यंत नाही!" खूण पुढे गेली की गाडी चांगली हातभर मागे घ्यायची आणि पुन्हा पुढे यायचं, नाहीतर इंजिनातल्या साखळीच्या ढिलाईनं हिशेब चुकतो. हे काकांना चौथ्या वेळी सांगितलं, तेव्हा ते माझ्याशी 'तुम्ही'वर आले.

ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉइलला लावलेला छोटा दिवा पॉइंट उघडताक्षणी लागला. प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर आवळला, वायरी सिलिंडर पेटायच्या क्रमानं, 1-3-4-2 अशा बसवल्या, प्लग लावले, स्टार्टर मारला. ठो! कार्ब्युरेटरमधून जाळ, आणि दुसऱ्या मजल्यावरून आमची ही: "अहो, दिवाळी झाली ना?"

चूक लगेच कळली, म्हणजे तासाभरानं. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. एकदा हवा दाबत, एकदा धूर हाकलत. मी धुराच्या फेरीला मुहूर्त काढला होता. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरला असता, तर आतल्या दाबानं तो उडाला असता आणि खरी फेरी कळली असती. वायरी समोरासमोर बदलल्या. चालू झाली!

चढावर थोडी टकटकली. मिस्त्री आले (रविवारी नव्हे, बुधवारी), दिवाबिवा काही न लावता कान देऊन उभे राहिले आणि डिस्ट्रिब्युटर तिळाएवढा फिरवला. टकटक बंद.

परवा मी बॉनेट उघडलं तर काका जिन्यातूनच परत फिरले. म्हणाले, "आज संकष्टी आहे, चंद्रोदय बघायचाय." सकाळचे दहा वाजले होते.