‘कचऱ्याचे पैसे देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

परवा आईला सहज फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आणि हो, या महिन्यापासून कचऱ्याचे पैसे बंद केले मी. बेकायदा आहेत म्हणे ते." कोण म्हणे? तर "ग्रुपवर आलंय, मामाने टाकलंय."

तोच मेसेज मला आधी दोन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता पुढे सरकले होते. आता आईने दारात उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणून परत पाठवलं म्हटल्यावर बसून वाचला. मजकूर थोडक्यात असा: घरपट्टीत सफाई कर असतोच, मग वेगळे पैसे म्हणजे दुहेरी लूट. कोर्टाने हे शुल्क कधीच रद्द केलंय. कचरेवाल्या बायका भंगार विकून महिन्याला 40-50 हजार कमावतात. तुम्ही ओला-सुका वेगळा केला तरी पुढे सगळं एकत्रच होतं. आणि शेवटी, ठळक अक्षरात: गरीब कुटुंबांना हा भुर्दंड परवडत नाही, म्हणून गरिबांसाठी आपण सगळ्यांनीच पैसे देणं थांबवू या. 20 जणांना पाठवा.

कोर्टाचं आधी उरकते. कुठलं कोर्ट, कुठला खटला, कुठली तारीख, मेसेजमध्ये काही नाही. जे छापील आहे ते असं: केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम 8 एप्रिल 2016 ला प्रसिद्ध झाले; 1 एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी नवे नियम आले. 2016 च्या नियमांतल्या चौथ्या नियमात कचरा करणाऱ्याची कर्तव्यं होती. कचरा वेगळा करायचा, सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायचा, आणि स्थानिक संस्थेने, म्हणजे महापालिका वगैरेंनी, आपल्या उपविधीत (स्थानिक नियमांत) ठरवलेलं शुल्क भरायचं. पंधराव्या नियमात तर महापालिकांना सांगितलं होतं की कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता द्या आणि घरोघरच्या संकलनात त्यांना सामावून घ्या. बरं, कोर्टाचंच नाव घ्यायचं तर अल्मित्रा पटेल यांनी 1996 साली सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यातूनच 2000 सालचे पहिले कचरा नियम आले. शहरांनी दारोदार कचरा गोळा करावा ही गोष्ट कागदावर आली ती तिथे. मेसेज लिहिणाऱ्याने कोर्ट हा शब्द फोडणीतल्या हिंगासारखा टाकलाय.

घरपट्टीचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य. पुण्याच्या बिलावर सफाई कराची ओळ असते आणि ती वाचून माझ्याही कपाळावर आठी येते. पण त्यात रस्ते झाडणं आलं, गाड्या आल्या, कचऱ्यावरची प्रक्रिया आली. तिसऱ्या मजल्यावर येऊन तुमच्या दारातली बादली उचलणारा हात त्यात धरलेला नाही. तो धरायला हवा होता का, यावर वाद घाला की, मी पण येते. मुंबईत मात्र हा युक्तिवाद निम्म्या वाटेवरच पडतो. तिथे 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे. जो कर भरायचाच नाही, त्यात कचऱ्याचे पैसे ‘आधीच भरले’ कसे?

आता ते 40-50 हजार. हे वाचून मला खरंच राग आला.

पुण्याबाहेरच्यांसाठी एक सांगायला हवं. इथे बऱ्याच भागांत कचरा उचलतात त्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक, बहुतेक बायकाच. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, त्यातून पुढे ही संस्था आली आणि 2008 मध्ये महापालिकेबरोबर करार झाला. आज तीन हजारांहून जास्त जणी-जण हे काम करतात. त्यांना महापालिकेचा पगार नाही. घराघरातून मिळणारे महिन्याचे पैसे आणि सुक्या कचऱ्यातलं विकलं जाणारं भंगार, हीच कमाई. म्हणजे आईने जे बंद केले ते कुठल्या खात्यातले पैसे नव्हते. दारात आलेल्या बाईचे होते.

शनिवारी मी कोथरूडला गेले आणि आईकडे कचरा उचलायला येणाऱ्या ताईंबरोबर त्या वर्गीकरण करतात त्या कोपऱ्यावर तासभर उभी राहिले. त्या आणि त्यांची जोडीदारीण मिळून साधारण 240 घरं करतात. हातमोजा डाव्या हातात होता, उजव्याचा फाटला म्हणून काढलेला. एका पिशवीत पिझ्झाचा खोका, त्यात उरलेला सॉस, आणि त्याच खोक्यात बाळाचा डायपर कोंबलेला. तो वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच या बायका 2017 पासून सांगताहेत. ताईंनी डायपर बाजूला ठेवला, खोक्याचं झाकण फाडलं, कोरडा अर्धा पुठ्ठ्यात टाकला. मग दुधाच्या पिशव्या. आंबलेलं दूध गटारात झटकून पिशव्या एकात एक. चिप्सची चकचकीत पाकिटं वेगळी, त्यांचा ढीग सगळ्यात मोठा. "ही कुणी घेत नाही ताई," त्या मला म्हणाल्या, "ही नुसती उचलायची."

भंगारच्या दुकानात त्या दिवशीचा हिशोब माझ्यासमोर झाला. पुठ्ठा 11 किलो, 9 रुपयांनी 99. बाटल्या 4 किलो, 22 रुपयांनी 88. दुधाच्या पिशव्या आणि साधं प्लास्टिक 3 किलो, 15 रुपयांनी 45. काच 8 किलो, रुपया किलोने 8. एकूण 240, दोघींत वाटून 120. एकही दिवस न चुकता महिनाभर हेच केलं तर 3600 रुपये. पुठ्ठ्यावर 40 हजार कमवायचे तर एका बाईला रोज दीडशे किलो पुठ्ठा लागेल. आईच्या इमारतीतल्या चोवीस फ्लॅटांनी दिवसरात्र ऑनलाइन ऑर्डरी केल्या तरी तेवढा निघायचा नाही.

शिवाय घरातलं खरं विकाऊ ते आपण कचऱ्यात टाकतो कधी? वर्तमानपत्रांची रद्दी किलोवर मोजून आपणच विकतो, वजनकाट्यावर डोळा ठेवून. मोठे खोके वॉचमन ठेवून घेतो. ताईंपर्यंत पोचतं ते चिप्सचं पाकीट. ते वेगळं करून त्या कुबेर झाल्या, असं लिहिणाऱ्याने एक सकाळ ती ढकलगाडी चढावर लोटून दाखवावी.

त्या चोवीस फ्लॅटांपैकी नऊ जणांनी हा मेसेज आल्यापासून पैसे दिलेले नाहीत. ताईंनी कचरा उचलणं थांबवलेलं नाही. का, विचारलं, तर म्हणाल्या, "वास सुटला की माझ्याच नावानं तक्रार जाते."

‘पुढे सगळं एकत्रच होतं’ हे काही ठिकाणी होतं, आणि ते चूकच आहे. पण म्हणून घरातच एकत्र करायचं? एकत्र कचऱ्याचे डोंगर म्हणजे काय ते उरुळी देवाची आणि फुरसुंगी, म्हणजे पुण्याचा कचरा जिथे नेऊन टाकला जायचा, तिथल्या लोकांना विचारा. पुण्याचा वास त्यांनी वर्षानुवर्षं घेतलाय.

राहिला गरिबांचा मुद्दा. हा मेसेजमध्ये सगळ्यात शेवटी येतो. खरं तर सगळ्यात आधी यायला हवा होता, कारण यातच काय तो दम आहे. घरटी ठरावीक रक्कम ही गरिबाला जास्त जड जाते, यात वाद नाही. आईकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. वस्तीतला दर थोडा कमी असला तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना तेवढेही जुळवावे लागतात. तीन बेडरूमच्या घराला तेवढ्याचं दूध एका दिवसात लागतं. आणि मावशींच्या घरातून निघतं काय? भाजीची देठं, चहाचा चोथा, एखादी पिशवी. जिथे गाडी दिवसाआड येते आणि पैसे मात्र पूर्ण महिन्याचे मागतात, तिथे लोक चिडले तर बरोबरच चिडतात.

पण यावर उपाय आहेत, आणि कुणीतरी ते करून पाहिलेत. बेंगळुरूने 2025 मध्ये बांधकामाच्या क्षेत्रफळावर टप्पे लावले: 600 चौरस फुटांपर्यंत महिन्याला 10 रुपये, 4000 च्या वर 400. मुंबई महापालिकेच्या 2025 च्या मसुद्यातही टप्पे होते, 50 चौरस मीटरपर्यंत 100 रुपये, 300 पर्यंत 500, त्यापुढे 1000. फक्त तिथे सगळ्यात खालचा टप्पाच इतका रुंद ठेवला की चाळीतली 120 चौरस फुटांची खोली आणि 530 चौरस फुटांचा फ्लॅट एकाच रांगेत. भांडायचं तर इथे भांडा. सगळ्यात लहान घरांचं शुल्क माफ करा, त्याची भरपाई कचरावेचकांना महापालिकेने द्यावी, अशी मागणी करा. मी सही करते.

हा मेसेज त्यातलं काहीच मागत नाही. तो म्हणतो, गरिबांसाठी तुम्ही पैसे देऊ नका. म्हणजे मावशींचा भार कमी व्हावा म्हणून कोथरूडच्या फ्लॅटवाल्याने आपले पैसे खिशात ठेवायचे. मावशींचे त्याने कमी झाले नाहीत, ताईंचे मात्र गेले. आणि ताई राहतात मावशींच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून.

आईने रविवारी पैसे दिले, वर चहाही. ताईंनी पावती फाडली, चहा उभ्यानेच घेतला.

मामा, हे तुम्हीही वाचाल म्हणून लिहिते. तुमच्याकडच्या ताईंचे तीन महिन्यांचे राहिलेत असं आई म्हणाली. मेसेज पुढे पाठवलात त्याचं राहू दे, ते आधी द्या.